गारखेडा, शहागंज आणि काका

गारखेड्यातल्या त्या घराच्या फाटकावर पाटी होती, 'वरची खोली भाड्याने देणे आहे. लिनक्स येणाऱ्यास प्राधान्य.' कुणीतरी टवाळी केली असणार असं समजून मी बेल वाजवली. माझी नुकतीच इथल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात बदली झाली होती आणि घरमालकांच्या उलटतपासण्या सोसून डोकं उठलं होतं. लग्न का नाही, भेटायला कोण येणार, ऑफिसातून उशीर किती होतो, मासे तळणार का. या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. दार अर्धं उघडून ते उभे राहिले आणि म्हणाले, "ग्रब दुरुस्त करता येतं का तुम्हाला?"

ग्रब म्हणजे संगणक चालू केल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा एक छोटासा प्रोग्राम. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ यंत्रणा; एकाच संगणकात अशी दोन लिनक्स घातलेली असली की हा ग्रब काळ्या पडद्यावर दोघांची नावं मांडतो आणि कुठलं उघडू म्हणून विचारतो. मी म्हटलं, येतं.

"मग या आत. खोली वर आहे. पाणी आठवड्यातनं एकदा येतं, त्या दिवशी बादल्या भरायला खाली यावं लागंल. बाकी सगळं काकूला विचारा."

एवढ्यावर मला घर मिळालं. त्या घरात मी चार वर्षं राहिले आणि चारही वर्षं काकांनी मला नावानं हाक मारली नाही. "ओ भाडेकरू, जरा खाली येता का?" असं ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचे. गल्लीतल्या लोकांना पहिले काही दिवस आमचं भाड्यावरून वाजलंय असं वाटत होतं. समोरच्या बाईंनी तर मला दुसरी खोली बघून देऊ का म्हणून हळूच विचारलं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उंच, किरकोळ, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांच्याकडे चष्मे दोन होते आणि दोन्हींचा नंबर एकच होता. एक उर्दू वाचायचा, दुसरा मराठी लिहायचा. उर्दू वाचताना चहा बशीत ओतून प्यायचा, मराठी लिहिताना कपानं. काकूंना हे सगळं पाठ होतं. त्या चहा घेऊन खोलीच्या दारात आल्या की आधी नवऱ्याच्या नाकावर कुठला चष्मा आहे ते बघायच्या आणि मग बशी द्यायची की नाही ते ठरवायच्या. "दोन दोन घरं सांभाळायचा सोस आहे माणसाला," त्या मला म्हणायच्या, "आणि खालच्या टाकीचा नळ बंद करायला मी."

ही दोन घरं त्या संगणकात होती. काकांचे वडील बिडकीनकडचे, निजामाच्या अमलात शाळा शिकलेले. त्यांना जे उर्दूत सुचायचं ते मराठीत सुचायचं नाही, म्हणून मुलालाही त्यांनी घरीच उर्दू शिकवली. निवृत्तीनंतर काका उर्दू गोष्टी मराठीत आणायला लागले. त्यासाठी त्यांनी एक लिनक्स फक्त उर्दूचं ठेवलं होतं आणि दुसरं फक्त मराठीचं. उर्दूचं शहागंजातल्या एका दुकानात घालून घेतलेलं, म्हणून त्याचं नाव शहागंज. मराठीचं त्यांनी घरी बसून स्वतः घातलेलं, म्हणून ते गारखेडा. एकात असताना दुसरं उघडता येत नाही. इकडून तिकडे जायचं तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. काका एक परिच्छेद शहागंजात वाचायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे, ग्रबच्या काळ्या पडद्यावर नावं आली की उठून अंगणात कढीपत्त्याच्या झाडाला चक्कर मारायचे, चष्मा बदलायचे आणि मग गारखेड्यात जाऊन तो परिच्छेद मराठीत लिहायचे. पुढच्या परिच्छेदाला पुन्हा तीच यात्रा.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. एकाच लिनक्समध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही कळफलक बसतात, दोन्ही कागद शेजारी शेजारी उघडता येतात, हे मी त्यांना सांगितलं. संगणकाच्या माणसानं रोगी बघितल्यावर औषध सांगू नये तर काय करावं? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही टेलिफोनच्या तारा बघितल्या का कधी? जुन्या?"

"नाही."

"दोन लायनी एकमेकींना लागून गेल्या की क्रॉस कनेक्शन होतं. इकडचा माणूस बोलाय लागला की तिकडच्याच्या कानात तिसऱ्याचंच ऐकू येतं. उर्दू समोर उघडी ठेवून मराठी लिहिली की तसंच होतं. वाक्य मराठी असतं पण बोलतं उर्दू. म्हणून वाचायचं, बंद करायचं, डोक्यात घेऊन इकडं यायचं. जे डोक्यातनं येतं ते मराठीत येतं."

"आणि विसरलं तर?"

"तर परत जायचं. शंका आली की शहागंज. आपल्या मनानं एक शब्द घालायचा नाय."

आणि ते खरंच परत जायचे. त्यांचा संगणक इतका जुना होता की सुरू होताना मोठ्यानं 'बीप' करायचा. सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीत पडल्या पडल्या मला तो ऐकू यायचा. एखाद्या दुपारी एका शब्दासाठी बीपवर बीप चालायचे. काका शहागंजात जाऊन तो शब्द बघून आलेत, तरी समाधान झालेलं नाही, पुन्हा गेलेत. इतका हट्टी प्रामाणिकपणा मी दुसऱ्या कुणात बघितलेला नाही, आणि तो बघताना माझी चिडचिड व्हायची हेही खरं.

मी तिथं राहायला गेल्यावर काही महिन्यांनी शहागंजानं बंड केलं. उर्दूचं लिनक्स अपडेट झालं आणि त्यानं मालकाला न विचारता स्वतःचा ग्रब बसवून टाकला. दोन लिनक्स एका संगणकात राहतात तेव्हा हे भांडण असतंच. दारावरची पाटी दोघांपैकी एकाच्याच ताब्यात असते आणि दुसरं संधी मिळाली की ती बळकावतं. झालं असं की काका सकाळी चहा घेऊन बसले, बटण दाबलं, पडद्यावर शहागंज पहिल्या नंबरावर, गारखेडा खाली, आणि कोपऱ्यात सेकंद उलटे पळताहेत. काका चष्मा पुसेपर्यंत यंत्र आपलं आपण शहागंजात निघून गेलं.

"ओ भाडेकरू," खालून हाक आली. "या यंत्रानं माझ्याआधी ठरवलं."

मी दात घासत खाली गेले. काका खुर्चीपासून दूर, भिंतीला टेकून उभे होते. अपमान झाल्यासारखा चेहरा. मी गारखेड्यात जाऊन तिथला ग्रब पुन्हा बसवला, शहागंज शोधायला लावलं, नावांचा क्रम सरळ केला. काका मागे उभे राहून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होते. मग त्यांनी त्या पळत्या सेकंदांकडे बोट दाखवलं.

"हे काढा."

"काढलं तर तुम्ही काही निवडेपर्यंत तो तसाच थांबून राहील, काका. दिवसभरसुद्धा."

"थांबू दे. आम्ही एक्स्चेंजमधी माणूस बोलेपर्यंत लाइन धरून ठेवायचो. माणसानं निवडावं. घाई कशाची आहे?"

मी ते घड्याळ काढून टाकलं. काकांना ती नावं देवनागरीत हवी होती, ते मात्र ग्रबला झेपलं नाही. काने-मात्रे घरंगळून भलतीकडेच जाऊन बसले आणि काकू ते बघून पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी इंग्रजी अक्षरांत 'गारखेडा' आणि 'शहागंज' लिहिलं. एक गोष्ट मी काकांना बजावली. शहागंजात मोठा अपडेट झाला की आतला पत्ता बदलतो. गारखेड्यात येऊन एक आज्ञा देऊन तो बदल नोंदवायचा, नाहीतर शहागंज उघडणारच नाही. "म्हणजे नंबर बदलला की एक्स्चेंजला कळवायचं," काका म्हणाले, आणि त्यांनी ते कधीही चुकवलं नाही. अपडेट झाला की मला खालून आवाज यायचा, "कळवलं हो, भाडेकरू."

या सगळ्या खटाटोपाचं कारण होते सिल्लोडचे भाई. काकांची सिल्लोडला नेमणूक होती तेव्हा भाईंचा फोन बंद पडला म्हणून काका तो बघायला गेले आणि गप्पांत इतके रंगले की जेवून परतले. फोन दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. भाई तिथल्या उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांचे वडील कापसाच्या बाजारात तोलणारे. भाईंनी सगळ्या गोष्टी त्या बाजाराच्या लिहिल्या, उर्दूत. मी त्यांना बघितलं तेव्हा ते थकले होते, छातीचं ऑपरेशन झालेलं, जिना चढायचे नाहीत. महिन्यातून एकदा बसनं यायचे, हातात जिलबीचा पुडा. नातवंडं सगळी मराठी शाळेत, उर्दू अलिफच्या पुढे कुणाला येत नव्हती.

"मेरे घर में मेरेकु पढनेवाला कोई नहीं बचा," एकदा ते काकांकडे बोट दाखवून मला म्हणाले. "नात विचारते, दादा, तुम्ही काय लिहिता? काय सांगू? इनो मराठी करके देते बोले, तो मैं जी रहा हूँ."

काकांनी त्यांना शब्द दिला होता. सगळं पुस्तक मराठीत आणायचं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. भाईंना ते नातवंडांच्या हातात द्यायचं होतं, आणि तेही स्वतः असेपर्यंत. काका दुसऱ्या कशात आळस करतील, पण दुपारी जेवून उठले की संगणकापुढे.

तिसऱ्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की खालचे बीप कमी झालेत. आधी मला वाटलं हात बसला. काकूही म्हणाल्या, "आता लई भराभर होतंय बाई. पानंच्या पानं लिहितात. उठत पण नाय." आम्ही दोघींनी आनंद मानला.

मग एका रविवारी मी पाणी भरायला खाली गेले. काका संगणकापुढे बसले होते. पडद्यावर ग्रबची दोन नावं. मी बादल्या भरल्या, टाकीचं झाकण लावलं, काकूंशी बोलले, परत आले तरी काका तसेच. एक हात कळफलकावर, चष्मे दोन्ही टेबलावर, नाकावर एकही नाही.

"काय झालं काका? अडकलाय का?"

ते माझ्याकडे वळले. इतके गोंधळलेले काका मी आधी बघितले नव्हते.

"भाडेकरू," ते म्हणाले, "आत्ता मी वाचून आलो का लिहून?"

मी काहीतरी हसून म्हटलं असेन, आता आठवत नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात त्यांनी मला सांगितलं की डॉक्टरांना दाखवून झालंय, गोळ्या चालू आहेत, आणि विसरणं वाढत जाणार आहे. दुधाचं, किल्ल्यांचं, माणसांच्या नावांचं काकांना काही वाटत नव्हतं. "पुस्तक पुरं होऊ दे म्हणतात. तेवढं भाईचं पुरं होऊ दे. रोज तेवढंच मागतात देवाला, आणि देवाला तरी ते कुठं मानत होते कधी?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. बीप कमी झाले कारण काकांना शंका येणं कमी झालं होतं. आपण विसरलोय हे आठवल्याशिवाय माणूस परत कसा जाणार?

ग्रबमध्ये एक सोय आहे. मागच्या वेळी कुठलं नाव निवडलं ते तो लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी उजळ पट्टी त्याच नावावर आणून ठेवतो. मी संध्याकाळी खाली जाऊन काकांना हे समजावलं. पट्टी शहागंजावर दिसली तर तुम्ही वाचून आलात, गारखेड्यावर दिसली तर लिहून आलात. उघडणार मात्र तुम्ही दाबाल तेच, तो आपल्या मनानं काही करणार नाही. मला वाटलं काका आता रागावणार. यंत्रानं त्यांच्या कामात नाक खुपसलेलं त्यांना खपत नसे.

"ठेवू दे ध्यानात," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाय तर त्याला ठेवू दे."

दोन ओळींचं काम होतं. ते करताना मला माझ्या शिक्षणाचा कधी नव्हे इतका राग आला, कारण त्यात याहून मोठा काही उपाय नव्हता. मी सवयीनं पुन्हा तेच औषध सुचवलं, दोन्ही कागद शेजारी ठेवू का, आता तरी. काकांनी मान हलवली. "तसं केलेलं भाईला चाललं असतं तर त्यांनी ते कुणाकडनं पण करून घेतलं असतं," ते म्हणाले. त्या पट्टीच्या आधारानं त्यांनी पुढचे काही महिने काम ओढलं.

पुस्तक पुरं झालं तेव्हा थंडी संपत आली होती. भाई सिल्लोडहून सकाळच्या गाडीनं आले. मीही सुट्टी काढली होती, छपाईची फाइल मलाच करायची होती म्हणून. जेवणं झाली आणि भाई छापलेले कागद घेऊन पलंगावर बसले. मराठी ते सावकाश वाचायचे, ओठ हलवत, आणि आवडलं की 'हौ' म्हणायचे. शेवटच्या गोष्टीपर्यंत खूप 'हौ' झाले. शेवटची गोष्ट त्यांच्या वडिलांची होती. बाजारात एक व्यापारी तोलणाऱ्यावर काटा मारल्याचा खोटा आळ घेतो, चारचौघांत त्याला नको ते बोलतो, आणि तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. मुलगा हे दारातून बघत असतो.

वाचता वाचता भाईंचे ओठ थांबले. त्यांनी पान मागं घेतलं, परत वाचलं, परत मागं घेतलं. काका त्यांच्याकडेच बघत होते.

"अम्मीचं ना?" काका म्हणाले. "ती अब्बांच्या मागं बसून त्यांच्या केसातला कापूस वेचते, ते?"

"हौ," भाई म्हणाले.

"तिथंच मला शंका आहे. रात्रीपासनं टोचतंय. ते मूळ गोष्टीत आहे का मी घातलं?" काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "जरा पडतो आता, डोळे मिटाय लागलेत. उठलो की शहागंजात जाऊन बघतो. नसलं तर हे पुस्तक इथंच थांबवायचं, भाई. एके ठिकाणी घातलं म्हणजे आणखी कुठं कुठं घातलं असंल कुणाला ठाऊक. ज्याच्या ध्यानात दुसऱ्याचं लिहिलेलं राहत नाय त्यानं त्याला हात लावू नाय."

ते आतल्या खोलीत जाऊन पडले. भाई कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. काकू भांडी घासायची सोडून दारात येऊन उभ्या होत्या. काका घोरायला लागल्याचं ऐकू आलं तसे भाई पलंगावरून उठले.

"बेटा," ते मला हळूच म्हणाले, "वो उर्दूवाला खोलो जरा."

"काही राहिलंय का?"

"हौ. अम्मी का रह गया लिखने का. मेरीच गलती."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी आतल्या खोलीकडे बघितलं. "अर्धा तास झोपतात," त्या म्हणाल्या, "उरका."

मी बटणाकडे हात नेला आणि मला बीप आठवला. त्या घरात कुणाच्याही झोपेतून तो पार जाणारा होता, आणि काकांच्या तर नक्कीच. मी काकूंना खुणेनं सांगितलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मिक्सर सुरू झाला; दुपारच्या मिक्सरची काकांच्या झोपेला सवय होती. त्या आवाजात मी बटण दाबलं, बीप त्यात बुडून गेला, आणि शहागंज उघडलं.

भाई खुर्चीत बसले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, उजवीकडून डावीकडे लिहायला लागले. मला उर्दू येत नाही. मला एवढंच दिसत होतं की पानाच्या मधोमध एक जागा रुंद होतेय आणि खालच्या ओळी एकेक करून खाली सरकताहेत. मधूनच ते मराठी कागद डोळ्यांजवळ धरायचे, काकांची ओळ वाचायचे आणि पुन्हा टाइप करायला लागायचे. काकांचं इतक्या वर्षांचं काम ते उलट्या दिशेनं करत होते, आणि तेही समोर कागद ठेवून. आतलं घोरणं जरा कमी झालं की आम्ही दोघं श्वास धरायचो.

झाल्यावर मी ते साठवलं आणि शहागंज बंद केलं. तेवढ्यात मला पट्टीची आठवण झाली. आता ती शहागंजावर राहिली असती. काकांनी सकाळी शेवटचं काम गारखेड्यात केलं होतं आणि पट्टीवर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास होता. म्हणून मी काकूंना पुन्हा खूण केली, मिक्सर पुन्हा सुरू झाला, मी गारखेडा एकदा उघडून बंद केलं आणि मगच उठले. त्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीचं पार पीठ झालं होतं.

काका उठले, तोंड धुतलं आणि कुणाशी न बोलता संगणकापुढे जाऊन बसले. बीप झाला. पट्टी गारखेड्यावर होती. त्यांनी ती बाणाच्या बटणानं खाली नेली, उर्दूचा चष्मा लावला आणि शहागंज उघडलं. शेवटची गोष्ट काढून ते वाचायला लागले, पडद्यावर बोट ठेवून. आम्ही तिघंही इकडेतिकडे बघत होतो. भाई तर कॅलेंडर वाचत होते. माझी खात्री होती की काकांना काहीतरी कळणार. इतकी वर्षं ते हीच पानं वाचत होते.

बोट एका ठिकाणी थांबलं. मागं गेलं, परत त्याच जागी आलं.

"आहे," काका म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "आहे हो, भाई. हे बघा. कापूस वेचते, एकेक. आणि तो हळूच मान खाली घालतो. सगळं आहे. मला वाटलं मीच घातलं."

"तुम कहाँ से घालते?" भाई म्हणाले. "अम्मी मेरी थी के तुम्हारी?"

काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग चष्मा काढून पुसला, आणि काकूंना म्हणाले, चहा ठेव, सगळ्यांना ठेव, भाडेकरूंना पण. काकूंनी चहा आणला तेव्हा बशी द्यायची की नाही म्हणून नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा बघितलासुद्धा नाही. मी कामाचं निमित्त करून जिन्यावर गेले आणि तिथं बसून चांगलं रडून घेतलं.

संध्याकाळी मी भाईंना रिक्षा बघून द्यायला फाटकापर्यंत गेले. छपाईसाठी तयार केलेली फाइल त्यांना पाठवून झाली होती. काका आत काकूंना ती गोष्ट पहिल्यापासून वाचून दाखवत होते, त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी सहज विचारलं, "भाई, तुमच्या अम्मी खरंच असा कापूस वेचायच्या?"

भाई जिलबीचा रिकामा पुडा घडी करून खिशात घालत होते.

"मैं पैदा हुआ उसी दिन गुजर गई वो," ते म्हणाले. "तिचा फोटू पण नाय. एवढ्या गोष्टी लिहिल्या, पण ती एकात पण नाय. काय लिहिणार? मेरेकु कुछ मालूमीच नहीं था."

"काकांना हे माहीत होतं?"

"हौ. सबसे पहले उनकोच बताया था मैंने. भूल गये." त्यांनी घराकडे एकदा बघितलं. "त्यांनी तिला आणून अब्बांच्या मागं बसवली. इतकी छान बसलीय, बेटा. अब मैं उठाऊँ क्या उसको?"